बासरी कुणाच्या बाजूनं वाजते?

शिरूर-दौंडकडे शॉर्टफिल्म करणाऱ्या पोरापोरींकडून एक मेसेज हमखास येतो. एडिट झालेलं असतं, फेस्टिव्हलची तारीख तोंडावर आलेली असते. "ताई, फिल्म रेडी आहे, फक्त बॅकग्राउंड म्युझिक सुचवा ना. गावाकडचं, जरा इमोशनल." माझा पीएच.डी.चा विषय सिनेमातला आवाज हा आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे येणं साहजिकच. आज मला त्यातल्या 'फक्त' या शब्दाबद्दल लिहायचं आहे.

आधी फिल्मबद्दल बोलू. ही कुणा एकाची फिल्म नाही, हा एक साचा आहे. ड्रोन उसाच्या फडावरून जातो, बासरी सुरू होते. कोयता दिसतो, खोपी दिसते, शाळा सुटलेली मुलगी दिसते, आणि बासरीच्या जागी सारंगी येते. शेवटी मुलीच्या डोळ्यांत पाणी, काळा पडदा, आणि एकेक स्वर टाकत जाणारा पियानो. तीनही तुकडे फुकट म्युझिक लायब्ररीतून 'सॅड', 'व्हिलेज', 'इंडियन' असे शब्द टाकून शोधलेले. आता ही फिल्म डोळे मिटून ऐका. ती दौंडची आहे, बीडची आहे की बिहारची, काही म्हणजे काही कळत नाही.

खरं तर उसाच्या हंगामात या भागात बासरी ऐकू येतच नाही. ऐकू येतो तो दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, आणि त्यावरचा टेप. ड्रायव्हर रात्रभर जागा राहावा म्हणून लावलेली, एक किलोमीटर आधीपासून कळणारी गाणी. गुऱ्हाळाचं इंजिन असतं. रात्रीची लाईट आली की सुरू होणारी मोटार असते. दौंड जंक्शनला मराठी, हिंदी, इंग्रजीत एकामागोमाग होणारी घोषणा असते. शिरूर तालुक्यात मोराची चिंचोली आहे, तिथं पहाटे मोर ओरडतात, आणि तो आवाज कॅलेंडरवरच्या मोरासारखा गोड अजिबात नसतो. हे सगळं शूटिंगच्या दिवशी तिथं होतं. फिल्ममध्ये मात्र ते नाही. त्याच्या जागी बासरी आहे.

यात एवढं काय बिघडलं, असं कुणी विचारेल. बासरी छान वाजते, बघणारा रडतो, काम झालं. इथंच संशोधन उपयोगी पडतं.

फ्रिट्झ हायडर आणि मारियान झिमेल या मानसशास्त्रज्ञांनी १९४४ साली एक छोटीशी अ‍ॅनिमेशन फिल्म वापरून प्रयोग केला. पडद्यावर एक मोठा त्रिकोण, एक छोटा त्रिकोण, एक वर्तुळ आणि दार असलेली एक चौकट. बस्स. तरी बघणाऱ्यांनी त्यात गोष्ट पाहिली : मोठा दांडगा आहे, छोटा धीट आहे, वर्तुळ घाबरलंय. पुढं १९८८ मध्ये सँड्रा मार्शल आणि अ‍ॅनाबेल कोहेन यांनी याच प्रकारच्या फिल्मला वेगवेगळं संगीत लावून पाहिलं. आकार तेच, हालचाल तीच. पण संगीत बदललं तसं लोकांचं त्या आकारांच्या स्वभावाबद्दलचं मत बदललं. २००१ मध्ये मॅरिलिन बोल्ट्झ यांनी संदिग्ध अर्थाचे प्रसंग निवडले आणि त्यांना कधी आनंदी, कधी अस्वस्थ करणारं संगीत लावलं. प्रेक्षकांनी प्रसंगाचा अर्थ संगीताप्रमाणे लावला. इतकंच नाही, त्या संगीताशी जुळणाऱ्या वस्तूच त्यांच्या जास्त लक्षात राहिल्या.

म्हणजे कसं, संगीत हा चित्रावर शिंपडायचा मसाला नाही. ते चित्रातल्या माणसाचा स्वभाव ठरवतं, आणि बघणाऱ्याला काय आठवेल हेही ठरवतं. त्रिकोणाचं जर असं होत असेल, तर तुमच्या फिल्ममधल्या त्या मुलीचं काय होत असेल? ती कदाचित त्या क्षणी चिडलेली आहे. कदाचित नुसती कंटाळली आहे. कदाचित मनात काहीतरी बेत आखते आहे. सारंगी लागली की हे सगळे रस्ते बंद. ती 'बिचारी' होते. तिच्या अभिनयात दुसरं काही असेल तर तेही दिसेनासं होतं. माझी या साच्याबद्दलची मुख्य तक्रार हीच आहे : हे संगीत त्या मुलीच्या शेजारी बसत नाही. ते प्रेक्षकाच्या खुर्चीत बसून तिच्याकडे बघून च्च च्च करतं.

आता कुणी म्हणेल, पार्श्वसंगीत नको तर मग काय, मुका सिनेमा करायचा? याचं उत्तर पुण्यातच, आणि ८०-९० वर्षांपूर्वीच देऊन झालेलं आहे. प्रभात फिल्म कंपनीचा 'कुंकू' १९३७ चा. दिग्दर्शक व्ही. शांताराम, संगीत केशवराव भोळे, आणि ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर आधारलेली कथा. म्हाताऱ्या विधुर वकिलाशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा त्याला नवरा मानायला नकार देते. या चित्रपटात शांतारामबापूंनी पार्श्वसंगीत ठेवलंच नाही. गाणी आहेत, पण ती गोष्टीतल्या माणसांच्या तोंडची. बाकी सगळं घरातल्या आणि रस्त्यावरच्या आवाजांवर उभं आहे. त्यात काकासाहेबांचं ते जुनं घड्याळ. त्याची टिकटिक कुठल्याही व्हायोलिनपेक्षा जास्त बोलते, कारण ती म्हाताऱ्याचं वयही सांगते आणि नीराचा त्या घरातला एकेक मिनिटही मोजते. शांता आपटेंच्या नीरेची कीव करा असं चित्रपट एकदाही सांगत नाही. म्हणूनच ती आजही चिडलेली, ताठ दिसते. याच प्रभातच्या जागेवर आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. दौंडहून सकाळच्या गाडीनं शिकायला किंवा कामाला पुण्यात येणाऱ्यांना ही जागा काही लांब नाही.

मग आपल्या फिल्ममध्ये इतकं संगीत येतं कुठून? मला वाटतं, याचं कारण सौंदर्यदृष्टीत कमी आणि माइकमध्ये जास्त आहे.

भरताच्या नाट्यशास्त्रात ध्रुवा नावाच्या गाण्यांचं प्रकरण आहे. नाटक चालू असताना वाजणाऱ्या-गायल्या जाणाऱ्या या गाण्यांचे पाच प्रकार तिथं सांगितलेत. पात्र प्रवेश करताना प्रावेशिकी, जाताना नैष्क्रामिकी, चालू असलेला भाव मोडून दुसरा आणायला आक्षेपिकी, खवळलेला प्रसंग निवळायला प्रासादिकी. आणि पाचवी अंतरा. ही कधी गायची? पात्र मूर्च्छित पडलंय, भांबावलंय, नटाला कपडे-दागिने सावरायचे आहेत, किंवा प्रयोगातला एखादा दोष झाकायचा आहे, तेव्हा. भरतमुनींनी हे इतक्या मोकळेपणानं लिहून ठेवलंय की मला दरवेळी हसू येतं.

आपल्या साच्यातलं नव्वद टक्के संगीत, हे माझं अंदाजानं बोलणं आहे, पण 'अंतरा' आहे. झाकण आहे ते. कॅमेऱ्याच्या नाहीतर मोबाईलच्या माइकवर आवाज घेतलेला असतो. माळावर वारा असतो, तो भरभर भरभर करत माइकवर आदळतो. संवाद नीट येत नाहीत, म्हणून नंतर खोलीत बसून डब केले जातात. डब केलं की मागचा माळ गायब, आवाज कोरडा. ती पोकळी ऐकवत नाही, म्हणून बासरी. बासरीची निवड एडिट टेबलवर झाली असं वाटतं, पण ती झालेली असते शूटिंगला वाऱ्याचं कव्हर नेलं नाही तेव्हाच.

उलट बाजू पाहायची असेल तर भाऊराव कऱ्हाडे यांचा 'ख्वाडा' बघा. मेंढपाळ धनगर कुटुंबाची गोष्ट. आपल्या भागात मेंढ्यांचे वाडे, रानात मेंढ्या बसवणं, हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. या चित्रपटाला ६२ व्या राष्ट्रीय पुरस्कारांमध्ये परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला, आणि त्यासोबत मिळाला सिंक साउंडचा पुरस्कार, म्हणजे शूटिंगच्या जागीच प्रत्यक्ष आवाज घेण्यासाठीचा. तो महावीर सब्बनवाल यांना मिळाला. उघड्यावरच्या माणसांची, जनावरांची गोष्ट, आणि सगळ्यांत अवघड असतं ते उघड्यावरच आवाज घेणं. नागराज मंजुळेंची 'पावसाचा निबंध' तर शॉर्टफिल्मच. तिला ६५ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत नॉन-फीचर विभागात दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला, आणि ध्वनीचाही. नावातच पाऊस आहे. ज्या फिल्ममध्ये पाऊस हेच पात्र आहे, तिथं पावसाला बोलू देणं यापेक्षा मोठं संगीत कुठलं?

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल, की मी 'स्थानिक आवाज लावा, स्थानिक वाद्यं लावा' असं सांगते आहे. तसं नाही. स्थानिक वाद्यानंसुद्धा माणसाला तितकंच कोंबून ठेवता येतं.

चौफुल्याचं उदाहरण घ्या. पुणे-सोलापूर रस्त्यावर, दौंड तालुक्यात. इथली कला केंद्रं सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहेत. शॉर्टफिल्ममध्ये एखादं पात्र 'बिघडलं' असं दाखवायचं असेल, की चौफुल्याची पाटी आणि ढोलकीची थाप. एवढं पुरतं. ढोलकी म्हणजे वाईट मार्ग, असं समीकरण. पण ती ढोलकी वाजवणारा, पायपेटीवर बसलेला, तबल्यावर बसलेला, पायात चाळ बांधून उभी असलेली, या सगळ्यांसाठी ते काय आहे? रोजचं काम आहे. रांजणगाव एमआयडीसीतल्या माणसाला शिफ्टचा भोंगा असतो तसं. शिवाय ती शिकायला वर्षं घालवावी लागलेली विद्या आहे. तमाशाचा फड गावोगाव हिंडतो, त्यात गण-गवळण-बतावणी-वग असतो. संगीत बारी एका जागी असते, आणि तिथं गाणं, अदा आणि बैठकीची लावणी यांना महत्त्व असतं. हा फरक भूषण कोरगावकर यांच्या 'संगीत बारी' या पुस्तकात फार आपुलकीनं उलगडला आहे. ज्या फिल्मला हा फरक माहीत नाही, तिनं ढोलकी 'अस्सल' म्हणून लावली तरी ती बाहेरच्याच्या कानानं लावलेली असते. अस्सल वाद्य, नकली कान.

आणि याच्या बरोबर उलट : परकं वाद्य, आपला कान. 'सैराट' (२०१६) आठवा. करमाळ्याकडची पोरं, केळीच्या बागा, विहीर, आणि मागं अजय-अतुलचा लॉस एंजेलिसला रेकॉर्ड केलेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा. वास्तववादाच्या हिशोबानं हे चुकीचंच म्हणायला हवं. पण ते चुकीचं वाटत नाही, कारण तो ऑर्केस्ट्रा परशा आणि आर्चीच्या छातीत वाजतो आहे. प्रेमात पडलेल्या पोराला स्वतःचं गाव जसं दिसतं, तसं ते संगीत आहे. मासे धरणाऱ्याच्या पोराला एवढी मोठी व्हायोलिनची फौज कुणी द्यायची, असं विचारणाऱ्यालाच ते उत्तर आहे. आणि मग तोच चित्रपट शेवटी काय करतो? सगळा आवाज काढून घेतो. ते लहान मूल चालत बाहेर येतं, आणि आपल्याला त्याचं रडणंही ऐकू येत नाही. तीन तास ज्या संगीतानं त्या दोघांची बाजू घेतली, ते दोघं गेल्यावर वाजणार कुणासाठी?

म्हणून देशी की विदेशी, हलगी की पियानो, यावर वाद घालण्यात मला फार अर्थ वाटत नाही. विचारायचं एवढंच : हे संगीत त्या माणसाकडे बघतंय, की त्या माणसाच्या जागेवरून बघतंय?

तिसरी एक शक्यता आहे, आणि शॉर्टफिल्मसाठी मला ती सगळ्यांत कसदार वाटते. मिशेल शियॉन हा फ्रेंच अभ्यासक संगीताचे दोन स्वभाव सांगतो. एक प्रसंगातल्या भावनेत सामील होणारं. दुसरं बेफिकीर, म्हणजे माणसावर काय वेळ आली आहे याच्याशी देणंघेणं नसलेलं, आपलं आपण चालू राहणारं. हिचकॉकच्या 'सायको'मध्ये (१९६०) खून होऊन गेल्यावरही शॉवरचं पाणी पडतच राहतं, तसं. आपल्याकडचं याचं सर्वांत भेदक उदाहरण 'फँड्री'त (२०१३) आहे. जब्याचं कुटुंब सगळ्या गावासमोर डुकरं पकडतं आहे. शेजारच्या शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. धावणारे सगळे जागच्या जागी ताठ उभे राहतात, आणि हाताशी आलेलं डुक्कर निघून जातं. तिथं करुण संगीत लावलं असतं तर आपण हळहळलो असतो आणि विसरलो असतो. इथं संगीताला जब्याचं काहीच माहीत नाही, आणि तरी त्याचं शरीर त्या संगीताच्या ताब्यात आहे. एका सुरात गाव, शाळा, देश आणि जात सगळं उभं राहतं. अलोकनंदा दासगुप्तांचं पार्श्वसंगीत या चित्रपटात आहेच, पण आपल्या लक्षात राहतं ते हे.

चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' (२०१४) आणखी पुढं जातो. त्यातला खटलाच एका गाण्यावर आहे. शाहीर नारायण कांबळेंचं गाणं ऐकून एका सफाई कामगारानं आत्महत्या केली, असा आरोप. गाण्याच्या ताकदीला सरकार इतकं घाबरतं, आणि दिग्दर्शक मात्र स्वतः पार्श्वसंगीताचा जवळपास आधारच घेत नाही. संभाजी भगतांची गाणी ऐकू येतात ती मंचावरून, लांबून, समोर बसलेल्या लोकांसकट. तुम्ही काय वाटून घ्यायचं ते तुम्ही ठरवा, असं तो म्हणतो.

आता आपल्या दोन तालुक्यांत या. तुकोबांची पालखी यवत, वरवंडला मुक्काम करत पुढं जाते. समजा तुमच्या गोष्टीत रस्त्याकडेच्या एका घरात आदल्या दिवशी मयत झाली आहे, आणि बाहेरून दिंड्या चालल्या आहेत. टाळ-मृदंग थांबणार नाही. थांबूही नये. त्या घरातल्या बाईनं खिडकी लावून घेतली आणि आवाज थोडा दबला, एवढं दाखवलं तर कुठल्या लायब्ररीतलं सॅड म्युझिक त्याच्या जवळपास येईल? किंवा दौंड स्टेशनवर पोरगा घर सोडून निघाला आहे, आणि गाडी उशिरा येत असल्याबद्दल घोषणेतला तो यांत्रिक आवाज तीन भाषांत खेद व्यक्त करतो आहे. कुणाला तरी खेद आहे, पण घरच्यांना नाही. हे संगीतच आहे, आणि ते फुकट आहे.

'फुकट'वरून हक्कांबद्दल बोलायलाच हवं, कारण फिल्म फेस्टिव्हलमधून परत येते ती बऱ्याचदा इथं. तुकोबांचे शब्द कुणाच्या मालकीचे नाहीत. पण एखाद्या संगीतकारानं लावलेली चाल वेगळी, आणि कंपनीनं काढलेलं रेकॉर्डिंग आणखी वेगळं. भारतीय कायद्यात चालीवरचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, आणि रेकॉर्डिंगवरचा प्रसिद्धीनंतर ६० वर्षं. अभंग जुना आहे म्हणून यूट्यूबवरचा अभंग उचलता येत नाही. गावातल्या भजनी मंडळाकडून पारंपरिक चालीत गाऊन घ्या, लेखी संमती घ्या, मानधन द्या, श्रेयनामावलीत नाव टाका. गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचाही स्वतःच्या सादरीकरणावर कायद्यानं हक्क असतो, मग तो चौफुल्याचा ढोलकीवाला असो की कुणी मोठा उस्ताद. क्रिएटिव्ह कॉमन्सचं संगीत घेत असाल तर परवान्यात 'नो डेरिव्हेटिव्ह्ज' लिहिलंय का बघा. चित्राला संगीत जोडणं हे त्या परवान्यात रूपांतर धरलं जातं, त्यामुळे असं संगीत फिल्मला चालत नाही.

कामाची रीत म्हणाल तर मी अशी सांगेन. शूटिंगच्या प्रत्येक जागी, सगळ्यांना गप्प करून, कमीत कमी एक मिनिट नुसता तिथला आवाज घ्या. माइकला वाऱ्याचं कव्हर घाला. एडिट करताना आवडीचं गाणं 'तात्पुरतं' म्हणून खाली टाकू नका, कारण तात्पुरतं तात्पुरतं राहत नाही. कुब्रिकनं '२००१ : अ स्पेस ओडिसी'साठी अ‍ॅलेक्स नॉर्थकडून संगीत करून घेतलं आणि शेवटी ठेवलं ते एडिटच्या वेळी लावलेलं जुनं शास्त्रीय संगीतच. त्याला ते साधलं. आपण मात्र बहुधा दुसऱ्याच्या फिल्मच्या तालावर आपली फिल्म कापून बसतो. मग फिल्म एकदा पूर्ण आवाज बंद करून बघा, आणि एकदा पडद्याकडे पाठ करून नुसती ऐका. जिथं दोन्ही वेळा काहीच घडत नाही, तिथं संगीत लावायचा मोह होईल. तिथं संगीत लावू नका, तो सीन कापा. आणि जिथं लावाल, तिथं भरताचे पाच प्रकार आठवा. हा तुकडा कुणाला आणतोय, कुणाला नेतोय, काय मोडतोय, काय निववतोय? उत्तर 'झाकतोय' असं आलं, तर काय झाकतोय ते आधी दुरुस्त करा.

यात पणाला काय लागलंय ते शेवटी सांगते. नागराज मंजुळेंची सुरुवात 'पिस्तुल्या' या शॉर्टफिल्मनं झाली. या भागातून उद्या जे येतील तेही बहुतेक असेच येतील, दहा-बारा मिनिटांच्या फिल्ममधून. शिरूर-दौंडच्या माणसांना पडद्यावर येण्याची ती पहिली संधी असते. त्या दहा मिनिटांत त्यांचा आवाज काढून घेऊन त्यांच्यावर कुणाची तरी बासरी घातली, तर आपण त्यांना दाखवलं खरं, पण ऐकलं नाही. पुढच्या वेळी मेसेज कराल तेव्हा 'कुठलं म्युझिक लावू' असं विचारू नका. ती मुलगी त्या क्षणी काय ऐकत होती, ते मला कळवा. तिथून बोलायला सुरुवात करू.